चार दांड्यांचे सर

आमच्या सरांनी चारकोपमधला एक चांगला हवेशीर फ्लॅट, स्वयंपाकघरात रेंज तुटते म्हणून सोडून दिला होता. मला हे तो फ्लॅट दाखवणाऱ्या ब्रोकरनेच सांगितलं. तो आमच्याच सेक्टरमध्ये राहतो. "लोक घर बघायला आले की पाणी किती वेळ येतं विचारतात," तो म्हणाला. "गळतं का विचारतात. हा माणूस दोन हातांत दोन फोन घेऊन आला, बायकोला खाली गेटपाशी उभं केलं आणि एकेका खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन तिच्याशी बोलत राहिला. आता? आता? ओट्यापाशी आवाज तुटला म्हणे. मी म्हटलं, साहेब, ओट्यापाशी तुम्ही कशाला उभे राहणार? तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काय मीच तिथली रेंज काढून खिशात घातलीय."

ते बघणं मला चांगलंच माहीत होतं.

आमची कंपनी लिफ्टच्या देखभालीचं काम करते. अंधेरी ईस्टला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये ऑफिस. अंधेरीपासून दहिसरपर्यंतच्या आणि तिकडे घाटकोपर-मुलुंडच्या बऱ्याच सोसायट्यांच्या लिफ्ट आमच्याकडे आहेत. मी कंट्रोल रूमला. लिफ्ट बंद पडली, कुणी आत अडकलं, की फोन माझ्याकडे येतो आणि मी जवळचा मेकॅनिक पाठवते. सर आमचे सर्व्हिस हेड. सगळे मेकॅनिक त्यांच्या हाताखाली, आणि त्यांच्या मते सगळे मेकॅनिक लबाड. मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. "काय गं कंट्रोल," एवढंच. सर आता कंपनीत नाहीत, मी आहे, आणि अजूनही मागून कुणी 'कंट्रोल' म्हटलं की मी खुर्चीत सरळ होऊन बसते.

त्यांच्याकडे तीन फोन होते, तीन वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं घातलेले. एकाने दगा दिला तर दुसरा, दुसऱ्याने दिला तर तिसरा. अख्खा दिवस त्या तीन फोनांच्या सोयीने चालायचा. सकाळचा चहा गॅलरीच्या एका टोकाला उभं राहून, कारण तिथे फोनवर रेंजच्या चार दांड्या दिसायच्या. ऑफिसला यायचे ते पुलावरून जाणाऱ्या मेट्रोने. भुयारी मेट्रो सुरू झाली तेव्हा आमच्यातला एक जण उत्साहाने म्हणाला, "सर, आता टाउनच्या मीटिंगला गारेगार जाता येईल." सर म्हणाले, "जमिनीखाली बटाटे असतात. आपण नाही." त्यांच्या न्हाव्याने तळघरात एसी दुकान काढलं, तेव्हा त्यांनी न्हावी बदलला. लग्नाला गेले तर हॉलच्या दारात उभे. डबा खायचे तो जिन्याच्या लँडिंगवर, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून, उभ्याने.

आणि हे सगळं सोडा, लिफ्ट कंपनीचा हा सर्व्हिस हेड कधी लिफ्टमध्ये पाऊल टाकायचा नाही. आत रेंज जाते म्हणून. सोसायटीच्या भेटीला गेले की दहा-बारा मजले जिन्याने चढायचे, घामाघूम. सेक्रेटरी लोक हे बघून घाबरायचे. एकीने मला फोन करून हळूच विचारलं होतं, "तुमचे साहेब आमच्या लिफ्टमध्ये बसत नाहीत. काही आहे का तसं?"

'रेंज नव्हती' हे दोन शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "मुंबईत रेंज जात नाही, माणूस जातो," असं त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं, "फोनच्या दांड्या गेल्या म्हणणाऱ्याने स्वतःच दांडी मारलेली असते." कुणी म्हणालं, दहिसर नाक्यापाशी नेटवर्कच नव्हतं सर, की हे दुसऱ्या दिवशी नाक्यावर हजर. तिथून त्या माणसाला व्हिडिओ कॉल लावायचा, कॅमेऱ्यासमोर दुसरा फोन धरून दाखवायचा. "मोज. किती दांड्या आहेत? मोठ्याने मोज." एकदा एका मेकॅनिकला कॉल लावून म्हणाले, "जरा कॅमेरा फिरव. हां. मशीन रूममध्ये देवाचं कॅलेंडर आणि फ्रिज कधीपासून ठेवायला लागले रे?"

मीटिंगमध्ये कुणी खालच्या आवाजात बोललं तरी त्यांना चालायचं नाही. "जो पुटपुटतो तो लपवतो," म्हणायचे. आम्ही दोघी-तिघी चहाला उभ्या असलो की लांबून मान वाकडी करून आमच्या तोंडांकडे बघत राहायचे. आपल्याविषयीच चाललंय, अशी त्यांची खात्री असायची. बहुतेक वेळा ती बरोबरही असायची.

कारण आम्हीही त्यांच्यावर तेवढाच संशय घ्यायचो. मीटिंग मधेच सोडून ते बाहेर गेले की एक फोन टेबलावर तसाच राहायचा. विसरून, की मुद्दाम? चालू, की बंद? आम्ही कुणी त्याला हात लावायचो नाही. सगळे एकदम गप्प. मग कुणीतरी त्या फोनकडे बघत मोठ्याने म्हणायचं, "सर किती दगदग करतात नाही आपल्यासाठी!" आणि दुसरा म्हणायचा, "देवमाणूस आहे यार." सर परत आले की फोन उचलून आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवायचे. त्यात काय रेकॉर्ड होत होतं, की काहीच होत नव्हतं, ते आजपर्यंत मला कळलेलं नाही.

एवढं असून त्यांचं समाधान नव्हतं. आवाज कापला जातो, शब्द गिळले जातात, ही तक्रार कायमची. कार्डं बदलली, फोन बदलले. शेवटी एका मोबाईल कंपनीचा माणूस यंत्र घेऊन ऑफिसमध्ये आला. त्याने सगळीकडे फिरून बघितलं आणि सांगितलं, "सर, इथे सिग्नल एकदम झकास आहे. याहून चांगला मी कुठे बघितलेला नाही." तो गेल्यावर सर मला म्हणाले, "शिकवून पाठवलाय त्याला."

आता दिलीपची गोष्ट.

दिलीप आमचा जुना मेकॅनिक. दहिसरला राहणारा, मूळचा कुडाळकडचा. काम चोख, बोलणं भरभर. त्या दिवशी तो मुलुंडच्या एका सोसायटीत गेला होता. दुपारी त्याने कंट्रोलला फोन केला आणि म्हणाला, "ताई, सरांना जोडून दे." मी कॉल पुढे दिला. सर तेव्हा लँडिंगवर जेवत होते. मला जिन्यातून त्यांचा आवाज येत होता. फोनवर ते नेहमी ओरडूनच बोलायचे. "हो हो. ठीक आहे. हो." संपलं.

तासाभराने त्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला. मेकॅनिक लिफ्टवर बंदची पाटी लावून गेलाय, लोकांचे हाल होतायत, चालू करायची का? मी त्यांना थांबायला सांगून सरांना विचारलं. सर म्हणाले, "मला विचारूनच गेलाय तो. चालू करायला सांग." मी तसं सांगितलं. सेक्रेटरींनी पाटी काढली, स्विच टाकला. थोड्या वेळात लिफ्ट वरून येताना घसरली आणि दोन मजल्यांच्या मधे धाडकन थांबली. आत एक वयस्कर बाई होत्या. त्या आपटल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. सुटका व्हायला बराच वेळ गेला. त्या आतून रडत होत्या ते सेक्रेटरींच्या फोनमधून मला ऐकू येत होतं.

ब्रेकचे लायनर, म्हणजे लिफ्ट पकडून ठेवणाऱ्या पट्ट्या, पार झिजले होते. दिलीप नवीन आणायला गोडाऊनला गेला होता.

दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसची माणसं आली. दिलीप म्हणाला, "मी सरांना स्पष्ट सांगितलं होतं. ब्रेक सरकतोय, मी येईपर्यंत लिफ्ट चालू करू नका."

सर म्हणाले, "तो म्हणाला, चालू करू का. मी हो म्हटलं. ब्रेकचं अवाक्षर काढलं नाही त्याने."

"सर, मी 'नका' म्हटलं. शपथेवर सांगतो."

"माझ्या फोनला चार दांड्या होत्या," सर म्हणाले. "काना-मात्रेसकट ऐकू आलंय मला. तुझं तुझ्याकडे ठेव."

रेंजच्या बाबतीत सरांचा शब्द म्हणजे शेवटचा. दिलीपला त्याच आठवड्यात काढलं. जाताना तो माझ्या टेबलापाशी आला. "ताई, तुला तरी पटतंय ना?" मी हो म्हटलं. मला खरंच पटत होतं. पण त्याचा अर्थ सर खोटं बोलत होते. स्वतःची कातडी वाचवायला त्यांनी एका माणसाची नोकरी खाल्ली, असं मी धरून चालले आणि त्यांच्याशी कामापुरतंच बोलायला लागले.

सरांच्या ते लक्षात आलं. असल्या गोष्टी त्यांच्या नजरेतून कधी सुटायच्या नाहीत. एका सकाळी माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"कंट्रोल, तुला वाटतं मी खोटं बोललो."

मी कॉलचं रजिस्टर पुढे ओढलं.

"तुझ्या लाइनवरून आलेला कॉल आहे. रेकॉर्ड होतो, तेव्हा कुणी ऐकला नाही इतकंच. हेड ऑफिसकडून मागवलाय मी. आता तुझ्यासमोर ऐकू, म्हणजे विषय संपेल."

खोटं बोलणारा माणूस स्वतः रेकॉर्डिंग कशाला मागवेल? मी गोंधळले. मग वाटलं, त्यात काहीतरी कापाकापी केली असणार. इतक्या वर्षांत मीही त्यांच्यासारखीच झाले होते.

त्यांनी फोन डाव्या कानाला लावला. उजव्या हाताने लिहायची सवय, म्हणून फोन कायम डावीकडेच. ऐकलं, मान हलवली. "ब्रेकचं काही नाही. चालू करू का. घे, ऐक."

मी ऐकलं. दिलीपचा आवाज शेजारी उभा राहून बोलल्यासारखा येत होता. 'सर, ब्रेक सरकतोय. मी लायनर घेऊन येईपर्यंत लिफ्ट चालू करू नका.' आणि त्यावर सरांचं, 'हो हो. ठीक आहे. हो.'

"सर, तो 'नका' म्हणतोय," मी म्हटलं. "ब्रेकचंही सांगतोय."

"तू त्याच्या बाजूची आहेस."

"तुम्ही परत ऐका ना."

त्यांनी रागाने फोन ओढून घेतला. डाव्या हातात तेव्हा पाण्याची बाटली होती, म्हणून फोन उजव्या कानाला गेला. मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मग त्यांनी बाटली खाली ठेवली आणि फोन डावीकडे नेला. परत उजवीकडे आणला. परत डावीकडे. रेकॉर्डिंग संपायचं आणि ते पुन्हा लावायचे.

मग दुसरा फोन काढून त्यांनी माझ्या टेबलावरचा नंबर लावला आणि बाहेर लँडिंगवर जाऊन उभे राहिले. मी उचलला.

"बोल काहीतरी," ते म्हणाले.

"काय बोलू, सर?"

"काहीही बोल. थांबू नकोस."

मला काही सुचेना. मी ऑफिसचा पत्ता सांगायला लागले. गाळा, मजला, रस्ता, खूण. काचेतून मला ते दिसत होते. फोन या कानावरून त्या कानावर जात होता. मग त्यांनी तिसऱ्या फोनवरून लावला, तिसऱ्या कंपनीच्या. मी परत पत्ता सांगितला. बऱ्याच वेळाने ते आत आले आणि तिन्ही फोन माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले,

"रेंज चांगली आहे."

डॉक्टरांनी सांगितलं की डावा कान जवळजवळ गेलाय, एकाएकी नव्हे, वर्षानुवर्षं हळूहळू. हे मला सरांनीच सांगितलं, एखाद्या लिफ्टचा बिघाड सांगावा तसं. "डॉक्टर म्हणतो, जे ऐकू येत नाही ते माणूस आपल्या मनातलं भरून घेतो. त्याला कळतही नाही." मग म्हणाले, "आणि माझ्या मनात काय भरलंय ते तुम्हाला सगळ्यांना माहीतच आहे."

हेड ऑफिसला ते मला बरोबर घेऊन गेले. "उजवीकडे बस," म्हणाले, "आणि काही सुटलं तर परत सांग." तिथल्या मोठ्या साहेबांना हे प्रकरण पुन्हा उघडायचंच नव्हतं. त्या बाईंचा हात बरा होत होता, सोसायटी शांत झाली होती. "मेकॅनिक गेला. विषय संपला. तुम्ही स्वतःच्या पायावर कुऱ्हाड का मारून घेताय?" सर म्हणाले, "कारण तो खरं बोलत होता." तेच वाक्य ते खालच्या मानेने दोन-तीनदा बोलले. शेवटी दिलीपला परत घ्यायला कंपनी तयार झाली. सरांची खुर्ची मात्र गेली. त्यांना ट्रेनिंगकडे बसवलं आणि पुढे काही महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला.

पण राजीनाम्याआधीच्या एका रविवारी त्यांचा फोन आला. "दिलीपचं घर माहितीय तुला?"

दहिसरला नदीच्या अंगाला दिलीपची चाळ आहे. मी एकदा हळदीकुंकवाला गेले होते. सर रिक्षाने आले. स्वच्छ शर्ट, हातात मिठाईचा पुडा. जिना चढताना मला राहवलं नाही.

"सर, कसल्या कागदावर त्याची सही तर नकोय ना तुम्हाला?"

ते थांबले. "तुला तसं वाटतं?"

"तुम्हीच शिकवलंत."

ते वर चढायला लागले.

दार दिलीपनेच उघडलं. आत त्याचे वडील आमच्याकडे पाठ करून टीव्ही बघत होते. टीव्हीचा आवाज एवढा मोठा की गॅलरीत उभं राहवेना. दिलीप उंबऱ्यातच उभा राहिला. मला बघून जरा हसला, पण सरांकडे बघून त्याने दाराची चौकट धरली.

"कुठे सही करायचीय?"

"सही नको," सर म्हणाले. "तू 'नका' म्हणाला होतास. मी 'का' ऐकलं. माझा कान गेलाय. चूक माझी होती."

दिलीपने माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. त्याचा विश्वास बसत नव्हता, आणि बसावा असं आम्ही आजवर केलं तरी काय होतं? मग त्याने खिशातून फोन काढून सरांच्या तोंडासमोर धरला.

"परत बोला. रेकॉर्ड करतो."

मला ते लागलं. "दिलीप, अरे ते स्वतःहून आलेत ना..."

"करू दे त्याला," सर म्हणाले आणि परत बोलले. स्वतःचं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. "दिलीप खरं बोलला होता, चूक माझी होती."

"जरा मोठ्याने."

सर मोठ्याने बोलले. शेजारची दारं उघडली. एक बाई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली.

"अजून मोठ्याने, सर. आवाज नीट येत नाही."

सरांनी छाती भरून श्वास घेतला आणि फोनवर ओरडायचे तसे ओरडले. "दिलीपने मला लिफ्ट चालू करू नका म्हणून सांगितलं होतं! तो खरं बोलला होता! मी चुकीचं ऐकलं! त्याला विनाकारण काढलं!"

सगळ्या चाळीला ऐकू गेलं असणार. आतला टीव्ही बंद झाला. वडील उठले, भिंतीला हात लावत दारापर्यंत आले. त्यांनी आधी सरांना पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं, मग मुलाकडे.

"दिल्या," ते म्हणाले, "मानसांका दारात उभे कित्याक ठेवलंस? खुर्ची दी."

चहा झाला. मिठाईचा पुडा कुणी उघडला नाही, पण परतही केला नाही. सरांनी नोकरीचं विचारलं तेव्हा दिलीप नुसता "बघतो" म्हणाला. खाली रिक्षापर्यंत तो आम्हाला सोडायला आला. सर पुढे चालत होते. दिलीप माझ्या बाजूला येऊन म्हणाला, "ताई, मी काही रेकॉर्ड नाही केलं. बटणच दाबलं नव्हतं."

"मग?"

"काढल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नव्हते. त्यांचं एकच, कंपनी उगाच कोणाक काढत नाय, तुझाच काहीतरी असतला. मिलमध्ये साच्यावर, मागाच्या खडखडाटात आयुष्य गेलं त्यांचं, कान तिथेच गेले. हळू बोलले असते सर, तर आत पोचलंच नसतं." वळता वळता त्याने नोकरीचंही सांगून टाकलं.

रिक्षा सुरू झाल्यावर सरांनी विचारलं, "काय म्हणत होता तो? परत येणार?"

मी सरांच्या डाव्या बाजूला बसले होते. पुढे वाकून, मोठ्याने बोलावं लागलं. "नाही येणार, सर. घाटकोपरला दुसरीकडे बोलणं झालंय त्याचं."

"बरोबर आहे." मग म्हणाले, "एवढंच नव्हतं सांगत तो."

मग मी वडिलांचं सांगितलं, साच्यांचं, आणि त्याला ते मोठ्याने का हवं होतं तेही. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता, इतकं ओरडावं लागलं मला.

सर बाहेर बघत ऐकत होते. "त्यांच्या घरात सगळे ओरडूनच बोलत असतील त्यांच्याशी," ते म्हणाले.

"हो. सवयच झाली असणार."

"माझ्याशीही घरी ओरडूनच बोलतात," सर म्हणाले. "बायको, मुलगी, दोघीही. बरीच वर्षं झाली." रिक्षा सिग्नलला थांबली. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला वाटायचं, चिडल्यात माझ्यावर."